वृद्धाश्रमातील ‘थेरपी डॉग’

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एक कुत्रा आपल्या पालकासह वृद्धाश्रमात येतो, ज्येष्ठांजवळ थोडा वेळ बसतो आणि परत जातो. ‘थेरपी डॉग’ उपक्रमात वरवर पाहता एवढेच घडते. हा कुत्रा राखणीचा नसतो की अंधांना वाट दाखविणाराही नसतो. अनोळखी हात अंगावरून शांतपणे फिरू देणे हेच त्याचे काम.

न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६०च्या दशकात, ‘जिंगल्स’ या आपल्या कुत्र्याच्या सहवासात अबोल मुले खुलतात, असे मांडले. जिल रॉबिन्सन यांनी १९९१मध्ये हाँगकाँगला ‘डॉक्टर डॉग’ उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात मिनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’मुळे ही पद्धत परिचित झाली.

ज्येष्ठांना याचा उपयोग कितपत होतो? मॅरियन व विल्यम बँक्स यांनी २००२मध्ये अमेरिकेतील शुश्रूषागृहांतील ४५ रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा वा तीनदा अर्ध्या तासाची भेट मिळालेल्यांचा एकाकीपणा घटला. अभ्यास लहान होता. शिवाय सहभागी झालेल्यांना पूर्वायुष्यात प्राण्यांचा लळा होता. पुढे, २००८च्या अभ्यासात यंत्रकुत्र्यानेही एकाकीपणा घटल्याचे दिसले. श्वानप्रेमींना हे रुचणार नाही! स्मृतिभ्रंश अशा भेटींनी बरा होतो, असा दावा मात्र कोणी करू नये.

बुलडाण्याच्या संदर्भात प्राण्यांच्या लळ्याचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. तेरा तालुक्यांच्या या शेतीप्रधान जिल्ह्यात शेतावर राखणीला कुत्रे आणि दावणीला बैल पाहत वाढलेली पिढी आज वार्धक्यात आहे. वृद्धाश्रमात आल्यावर हा सहवास अकस्मात तुटतो, आणि त्याची नोंद कुठल्याही तपासणीपत्रकात होत नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे. त्यात निवारा आणि औषधोपचाराचा विचार आहे, एकटेपणाचा फारसा नाही.

यासाठी विलायती जातीचाच कुत्रा हवा असे नाही. स्वभाव शांत असेल तर गावठी कुत्राही चालतो. मात्र रस्त्यावरचा कुत्रा थेट आत आणणे धोक्याचे. रेबीजप्रतिबंधक लस, जंतनाशक औषध आणि पशुवैद्यकाकडून स्वभावाची पारख अनिवार्य समजावी. पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था शेजारच्या अकोल्यातच असल्याने जाणकार सल्ला दूर नाही. वार्धक्यात त्वचा पातळ होते, अनेकांना रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू असतात. त्यामुळे कुत्र्याची नखे कापलेली हवीत. पट्टा पायात अडकून पडण्याचा धोका असतो, तेव्हा आजी-आजोबांना आधी बसवावे. भीती, दमा किंवा केवळ नावड असलेल्यांना आग्रह करू नये. कुत्राही थकतो, जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला की भेट तिथेच थांबवावी.

भेटींमध्ये खंड पडणार असेल, तर तसे रहिवाशांना आधी सांगावे. ठरल्या दिवशी दुपारपासूनच दाराकडे डोळे लावून बसणारे असतात.