कोळशाच्या दप्तरात नसलेली माती

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाबाहेर इरई नदीच्या काठाने जाणाऱ्याला सपाट माथ्याच्या ज्या टेकड्या दिसतात, त्या निसर्गाने घडविलेल्या नसून खुल्या कोळसा खाणींतून उपसलेल्या माती-दगडांचे ढिगारे आहेत. आणि ज्या जिल्ह्याच्या भूगोलात अवघ्या काही दशकांत एवढी भर पडली, त्याच्या इतिहासात त्या मातीची कैफियत कोणी सविस्तर लिहू नये, याची मला खंत वाटते.

ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच जिल्ह्यातील वरोऱ्यास जी खाण चालविली व जी १९०६ मध्ये बंद झाली, ती भूमिगत होती. अशा खाणीत कोळशासोबत वर येणारा दगड त्या मानाने थोडा असतो. पुढे १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपुरास वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘वेकोलि’, स्थापन झाली, आणि अवजड यंत्रे आली तशी, भुयारातून कोळशापर्यंत पोहोचण्याऐवजी त्याच्या डोक्यावरचे सारे छप्परच उतरवून ठेवण्याची रीत वर्धा खोऱ्यात प्रबळ झाली. हे छप्पर म्हणजे वर कपाशीची काळी माती आणि खाली कामठी थराचा वालुकाश्म. खाणीतले लोक त्या साऱ्याला एकच नाव देतात : ‘ओबी’. किती टन कोळसा निघाला हे रोजच्या रोज नोंदले जाई, कारण त्यावर महसूल व मजुरी अवलंबून होती. ओबी किती उपसली हेही खर्चाच्या हिशेबासाठी मोजले जाई. परंतु एकदा ढिगाऱ्यावर ओतल्यानंतर ती पावसाने कोठे जाते, याचे खाते मात्र कोणाच्याच दप्तरात नव्हते.

ती कोठे जाते हे पाहावयाचे असेल तर मृगाच्या सरी पडून गेल्यावर एखाद्या नव्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभे राहावे. मूळ थरात शतकानुशतके दबून बसलेला खडक एकदा फोडला की तो पूर्वीपेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्याच्या कणाकणांत पाण्याला वाट मिळते. पहिल्या पावसात उतारावर बोटभर रुंदीचे ओघळ उमटतात, त्याच ओघळांत पुढचे पाणी एकवटते, आणि पावसाळा सरता सरता त्यांच्या घळी होतात. घळीतून आलेली वाळू व खडे पायथ्याशीच थांबतात. काळ्या मातीचा कण मात्र इतका सूक्ष्म असतो की साचलेल्या, निश्चल पाण्यातही तो दीर्घकाळ तरंगत राहतो. तो नाल्यात उतरतो, नाल्याचा तळ वर येतो, आणि अतिवृष्टीच्या दिवशी जे पाणी पात्रात मावले असते ते शेजारच्या कपाशीत शिरून तिच्या मुळांवर राखी चिखलाचा थर ठेवून जाते. शेतकऱ्याचे नुकसान पुराच्या खात्यावर मांडले जाते. मातीचे नाव पंचनाम्यात क्वचितच येते.

कायद्याने या मातीकडे पाहिलेच नाही असे नाही. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांहून अधिक नसावा असे फर्माविले. पण त्यामागची चिंता ढिगारा कोसळून माणसे दबू नयेत ही होती, आणि ती रास्तच होती. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला, केंद्राचा १९७४ मध्ये आला. आणि २००० साली कोळसा खाणींसाठी जी मानके प्रसिद्ध झाली त्यांनी बाहेर सोडावयाच्या पाण्यात तरंगत्या गाळाची मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम ठरविली. मर्यादा चांगली आहे. परंतु ती नाल्याच्या तोंडाशी मोजली जाते, आणि ढिगाऱ्याच्या ज्या बाजूस नाला खोदलेलाच नाही त्या बाजूने वाहून गेलेले पाणी कोणत्याच बाटलीत येत नाही.

म्हणूनच पर्यावरणीय मंजुरीच्या पत्रांत ढिगाऱ्याभोवती ‘गार्लंड ड्रेन’ म्हणजे वेढा घालणारा नाला, पायथ्याशी दगडी भिंत आणि गाळ बसविण्याचे हौद यांची अट घातली जाते. यातील कोणतीही वस्तू एकदा बांधून भागत नाही. नाला उन्हाळ्यात कोरून ठेवला तरी दोन-चार मोठ्या पावसांत तो अर्धा भरतो. हौद भरला की पाणी त्यावरून जसेच्या तसे वाहते, आणि कागदोपत्री तो हौद तरीही अस्तित्वात असतो.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने अटींच्या पूर्ततेचा अहवाल दरसाल १ जून व १ डिसेंबर रोजी सादर करण्याचा नियम केला. या दोन तारखांच्या मधोमध संपूर्ण पावसाळा येतो : जूनच्या अहवालात नुकताच साफ केलेला, कोरडा नाला असतो, डिसेंबरच्या अहवालात पाणी ओसरून गेलेले असते. मला वाटते, आषाढ-श्रावणात कोणता नाला किती वेळा उपसला, गाळ किती निघाला, तो कोठे नेऊन टाकला आणि त्या दिवशी पाऊस किती झाला, याची रोजकीर्द खाणीवर ठेवली जावी, डिसेंबरच्या अहवालास ती जोडली जावी, आणि खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीस तिची नक्कल मागण्याचा हक्क असावा.