भिंतीवरील साधनें : केळापूर तालुक्यांतील एका घराचें उदाहरण

सनदा, महजर, ताळेबंद आपण संशोधक मोठ्या आस्थेनें उतरून घेतों. पण ज्या भिंतीशीं तें दप्तर ठेवलेलें असतें त्याच भिंतीवर टांगलेल्या शिंगांकडे आणि बंदुकीकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. वऱ्हाडच्या आग्नेय भागांत, म्हणजे इंग्रजी अमलांत आधीं वणी व १९०५ पासून यवतमाळ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, अशा वस्तु बाळगणारीं घरें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक घर आमचेंच आहे. घरच्या वस्तूंविषयीं लिहितांना ममत्वाचा दोष घडतो, हें ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर लिहीत आहें.

आमच्या आजोबांची काडतुसी दुनळी आज माझ्या चुलतभावाच्या नांवें परवान्यावर आहे. घरांतील कथा अशी कीं, १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत पणजोबांनीं नरभक्षक वाघ मारला आणि साहेबानें खूष होऊन ही बंदूक त्यांस दिली. त्यांच्याकडून ती आजोबांकडे आली. हिंस्र जनावर मारणारास सरकार इनाम देत असे, तेव्हां कथेंत अशक्य असें कांहीं नाहीं. परंतु नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या करून पाहिल्या असतां त्यांच्या बुडाशीं सपाट भागावर मुकुटाखालीं ‘बी. पी.’, ‘बी. व्ही.’ व ‘एन. पी.’ अशीं अक्षरें ठोकलेलीं आढळतात. हे बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे होत. तें गृह १८१३ सालीं स्थापन झालें. मुकुटाखालीं अशीं अक्षरें ठोकण्याची पद्धत त्यानें १९०४ पासून घातली. तत्पूर्वीं मुकुटाखालीं एकमेकांस छेदणारे राजदंड असत. जुन्या नळीची पुढें फेरपरीक्षा होऊं शकते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तशा नळीवर जुने ठसेहि बहुधा राहतात आणि येथें ते नाहींत. तेव्हां दुष्काळांतल्या इनामाची बंदूक ही नव्हे.

मग कथा खोटी काय? माझ्या मतें नाहीं. त्याच घरांत म्हशीच्या शिंगाचें, तोंडाशीं पितळी वेढा असलेलें एक पात्र आहे. आजी त्यांत तपकीर ठेवी. मूळचें तें ठासणीच्या बंदुकीची दारू ठेवावयाचें शिंग. मागून काडतूस भरावयाच्या बंदुकीस त्याचा कांहींएक उपयोग नाहीं. अर्थात् दुनळीच्या आधीं घरांत ठासणीची एखादी बंदूक होती. ती नाहींशी झाली, आणि तिची कथा शिल्लक राहिलेल्या बंदुकीस येऊन चिकटली. वस्तु गेली तरी आख्यायिका दुसरें घर पाहते, हा प्रकार किल्ल्यांच्या व तरवारींच्या बाबतींत आपणांस परिचित आहेच.

खरी हानि निराळीच झाली आहे. आजोबांच्या बैठकींत एक ठिपक्यांचें कातडें असे. दुपारीं जेवणानंतर ते त्यावर बसून पान जुळवीत, आणि त्यास नेहमीं ‘चित्त्याचें कातडें’ म्हणत. आपल्याकडे बोलींत बिबट्यासहि सर्रास चित्ता म्हणतात, त्यामुळें केवळ शब्दावरून निर्णय करतां येत नाहीं. कातडें समोर असतें तर निर्णय एका क्षणाचा होता : बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मध्यें पोकळ असतात, चित्त्याचे भरींव व सुटे असतात. हा भेद क्षुल्लक नव्हे. चित्त्यांकडून शिकार करविण्याची कला आपल्याकडे प्राचीन आहे. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें ‘मानसोल्लासां’त तिला स्थान दिलें आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत पारध्यांच्या पोटभेदांत चित्ता पारध्यांचा उल्लेख आहे. हिंदुस्थानांतून चित्ता नष्ट झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें. केळापुराकडील एका बैठकींत खऱ्या चित्त्याचें कातडें होतें असें सिद्ध झालें असतें, तर वऱ्हाडच्या प्राणिइतिहासांत एक ओळ वाढली असती.

पण तें कातडें आज नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला; अशा वस्तु बाळगणारांनीं तीस दिवसांच्या आंत त्या जाहीर कराव्या असें त्यांत होतें. आमच्याकडे ही गोष्ट समजली ती मुदत टळल्यावर. वर्षें दुष्काळाचीं, आजोबा वारलेले, आणि घरांत भीति. एका रात्रीं तें कातडें शेताच्या धुऱ्यावर नेऊन जाळलें. पुढें २००३ सालीं सरकारनें पुन्हां १८० दिवसांची सवड दिली. तेव्हां जाहीर करावयास आमच्यापाशीं सांबराचीं शिंगें तेवढीं उरलीं होतीं. वारसानें आलेली अशी वस्तु नव्वद दिवसांत कळविली असतां ती ठेवण्यास वाट आहे, हें ज्यांच्या घरीं असे अवशेष असतील त्यांनीं ध्यानांत ठेवावें, आणि घाबरून आगींत टाकूं नये. मी स्वतः त्या कातड्यावर शेंकडों वेळां बसलों, त्यावर बोटें फिरविलीं. ते ठिपके पोकळ होते कीं भरींव, हें मला आठवत नाहीं. आजोबांच्या गुडघ्याचा स्पर्श आठवतो.

उरली ती वही. लांबट, लाल बासनांतील, मोडी अक्षरांची. बंदूक, शिंग आणि कातडें या तिघांपेक्षां तिचें मोल मी अधिक समजतों. आजोबांनीं तींत काडतुसांचा हिशेब, शिवाराचें नांव, हाक्याची मजुरी व शिधा हीं सर्व टिपलीं आहेत. आणि मुख्य म्हणजे हांकाऱ्यांचीं व माग काढणारांचीं नांवें लिहिलीं आहेत. भिंतीवरील शिंग बार टाकणाराचेंच नांव सांगतें. रानांत जनावर कोठें पाणी पितें, कोणत्या नाल्यानें उतरतें, हें जाणणारे कोलाम, गोंड व पारधी होते, आणि त्यांच्याविना मचाणावरचा मनुष्य रात्रभर डांसच मारीत बसला असता.

नोव्हेंबर २०१८ मध्यें राळेगांवच्या परिसरांत एक वाघीण गोळीनें मारली गेली, तेव्हां सर्व देशांत वाद झाला आणि आमच्या भागांत प्रत्येक ओट्यावर जुन्या शिकारींच्या गोष्टी पुन्हां निघाल्या. त्या सुमारास टिपेश्वर अभयारण्याकडील एका पोडावर मीं ती वही नेली होती. एका कोलाम गृहस्थांच्या आज्याचें नांव तींत चार वेळां आलें आहे. मीं तें वाचून दाखविलें. त्यांच्या घरीं आज्याची म्हणावी अशी एकहि वस्तु नव्हती. त्यांनीं तें पान बराच वेळ न्याहाळलें. मोडी त्यांस वाचतां येईना, म्हणून त्यांनीं एक कागद पुढें केला आणि तें नांव बाळबोध अक्षरांत, मोठें करून, लिहून मागितलें.