ऐकणाऱ्याला कुणी विचारलं?

चालतं दुकान कुणी बंद करत नाही, असं आपण म्हणतो. पण रेडिओच्या इतिहासात चालता कार्यक्रम बंद केल्याचे दाखले बरेच आहेत. ऐकणारे भरपूर असतात, पत्रांचा ढीग पडत असतो, आणि तरी एक दिवस गाणी बदलतात. वर बसलेल्या कुणीतरी ठरवलेलं असतं, की लोकांनी आता दुसरं काही ऐकावं. आपल्या देशात हे १९५२ साली घडलं. ती हकिगत आज सांगावीशी वाटते, कारण त्यात नुसता गाण्यांचा प्रश्न नव्हता. कोणतं संगीत आपलं आणि कोणतं बाहेरचं, हाही प्रश्न त्यात होता.

त्या वेळी देशात रेडिओ म्हणजे ऑल इंडिया रेडिओ. दुसरं केंद्र काढायची कुणाला परवानगीच नव्हती, म्हणजे स्पर्धा नव्हती. लोकांना सगळ्यात जास्त आवडायची ती सिनेमाची गाणी. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढं दहा वर्षं त्या खात्यावर राहिले. केसकर मराठी माणूस. काशी आणि पॅरिस इथं शिकलेले, विद्वान, आणि शास्त्रीय संगीताचे मनापासून चाहते. सिनेसंगीत उथळ आहे, त्यात पाश्चात्त्य चालींची उसनवारी आहे, सरकारी रेडिओनं लोकांची अभिरुची घडवायची असते, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग एकामागून एक नियम आले. सिनेमाची गाणी कार्यक्रमांच्या एकूण वेळेच्या दहा टक्क्यांपर्यंत आणायची. जी लावायची ती आधी तपासून घ्यायची. गाणं लावताना गायकाचं नाव सांगायचं, पण चित्रपटाचं नाही, कारण ती जाहिरात होते. यावर चित्रपट निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. थोड्याच महिन्यांत रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

केसकरांच्या विचारात आणखी एक धागा होता आणि तो मला टोचतो. आपलं मूळ संगीत आध्यात्मिक होतं, मुसलमान राज्यकर्त्यांच्या आणि कलावंतांच्या हाती गेल्यावर त्याची घसरण झाली, असं ते मानत आणि लिहीतही. उस्तादांना त्यांनी रेडिओवरून घालवलं असं मुळीच नाही. थोर उस्ताद त्यांच्याही काळात रेडिओवर गायले. पण हे मत एका मराठी माणसानं बाळगावं, याचं मला नवल वाटतं. मी मिरजेच्या बाजूचा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले आणि तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. दरवर्षी तिथं गाण्याची हजेरी लागते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. तिकडं कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेब. त्यांच्याकडं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. सतारी आणि तंबोरे बनवणारी मिरजेतली घरं मुसलमान शिकलगारांची. हे सगळं वजा केलं तर महाराष्ट्राच्या गाण्यात काय उरेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं मांडावा.

आता ऐकणाऱ्यांनी काय केलं ते पाहा. त्यांनी मोर्चे काढले नाहीत. रेडिओचा काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये शॉर्ट वेव्हचं जबरदस्त प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं होतं. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आलं. त्याचा आवाज हिंदुस्थानभर पोचत होता. १९५२च्या डिसेंबरात, म्हणजे आपल्याकडची गाणी आटली त्याच वर्षी, तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. पहिल्या कार्यक्रमाला चाळीस-पन्नास पत्रं येतील असं वाटलं होतं, आली नऊ हजार, असं अमीन सयानी पुढं नेहमी सांगत. नंतर हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला.

त्या काळातली एक पाहणी चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेली आहे. परवान्याचे रेडिओ असलेल्या दर दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन लागलेलं होतं, आणि दहाव्या घरातला रेडिओ नादुरुस्त होता! ज्या केंद्राला देशात प्रतिस्पर्धीच नव्हता, त्यानं आपल्या हातानं प्रतिस्पर्धी तयार केला तो असा.

अमीन सयानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्या बोलण्यातली साधी, कुणालाही समजणारी हिंदुस्थानी भाषा घरातूनच आलेली होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. गांधीजींच्या इच्छेनुसार ते एकाच सोप्या भाषेत, पण देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं. लहानपणी अमीनभाई या कामात आईला हातभार लावत. देशाची फाळणी झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी ती भाषा दर बुधवारी रात्री आठ वाजता घराघरांत पोचू लागली.

माझ्या लहानपणी आमच्या घरीही ती पोचली. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळा मराठी. अब्बा बुधवारी रात्रीचं जेवण आठच्या आत उरकायला लावायचे. ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवायचा, कारण तिथं खरखर कमी. शब्द नीट लागला नाही की मी अब्बांना अर्थ विचारायचो आणि ते मराठीतून सांगायचे. साहिर, मजरूह, शकील, शैलेंद्र ही नावं मी अशी शिकलो. पुढं मराठीत कविता लिहायला लागलो, तेव्हा सुटसुटीत ओळीचं वळण मला शाळेतल्या कवितांइतकंच या गाण्यांनीही लावलेलं होतं. त्या शब्दांमुळं माझी मराठी बिघडली असं मला कधी वाटलं नाही.

केसकरांच्या पदरात त्यांचं मापही घातलं पाहिजे. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालीच सुरू झाला. त्यामुळं मैफलीचं तिकीट न परवडणाऱ्याला थोर गवई घरबसल्या ऐकता आले. सिनेमाच्या गाण्यांना पर्याय म्हणून रेडिओच्या केंद्रांवर सुगम संगीत तयार होऊ लागलं. कवी, संगीतकार, गायक यांना काम मिळालं. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरू झालेलं गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ याच काळातलं. छप्पन्न गाणी, वर्षभर, आणि ती ऐकायला लोक शेजाऱ्यांच्या दारात जमायचे. म्हणजे चांगलं ते लोक घेत होतेच, त्यासाठी दुसरं हिसकावून घ्यायची गरज नव्हती.

हे सरकारलाही कळलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. मंत्री केसकरच होते. उभारणीत कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा मोठा वाटा. सिनेमाची गाणी सन्मानानं परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथं विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या. ज्या गोष्टीमुळं चित्रपटाचं नाव उच्चारत नव्हते, तीच कमाईचं साधन झाली.

सरकारी रेडिओलाच असं सुचतं, असं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूसीबीएस-एफएम हे खासगी केंद्र १९७२ पासून जुनी गाणी लावायचं. ऐकणारे भरपूर होते. पण ते वयानं वाढत चालले होते आणि जाहिरातदारांना तरुण श्रोते हवे होते. ३ जून २००५ रोजी मालकांनी एका दिवसात सगळं बदललं. निवेदक गेले, जुनी गाणी गेली. लोक चिडले. नवा प्रयोग काही रुजला नाही, आणि १२ जुलै २००७ रोजी जुनी गाणी परत आणावी लागली. दिल्लीत मंत्र्याची अभिरुची आडवी आली होती, न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदाराचा हिशेब. ऐकणाऱ्याला दोन्हीकडं कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडं २००१ पासून खासगी एफएम केंद्रं आली. आता कुणी गाण्यांवर बंदी घालत नाही. पण बहुतेक केंद्रांवर तीच ती गाणी फिरत राहतात. १९५२ साली काटा फिरवला की निदान सिलोन लागत होतं. आज काटा फिरवून मिळणार काय? भावगीत, लावणी, अभंग, कव्वाली, आमच्या दखनीतली लग्नाची गाणी हे सगळं ऐकणारी माणसं आहेत. फक्त त्यांची मोजदाद कुणी करत नाही. तेव्हा आपल्या जवळच्या केंद्राला एक पत्र लिहा, फोन करा, काय ऐकायचं आहे ते सांगा. गीतमाला मोठी झाली ती पत्रांच्याच जोरावर.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)