वनस्पतींचा शोधक गार्सिया द ओर्ता

आपल्या मिसळणाच्या डब्यातील हळद आणि हिंग, फडताळातील लवंगा व वेलदोडे यांची पारख आपण रोज करतो. परंतु याच जिनसांवर एका परदेशी वैद्याने साडेचारशे वर्षांपूर्वी ग्रंथ लिहिला, हे थोड्या जणींनाच ठाऊक असेल.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत इकडेच राहिला. आपल्या खराडीवरून जो नगर रस्ता जातो, त्या अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकारकडून खंडाने मिळाले होते. तेथील आपल्या आंब्याला वर्षातून दोन बहर येतात, असे तो सांगतो.

त्या काळी युरोपातील वैद्य मसाल्यांविषयी जुन्या ग्रीक व अरबी पोथ्यांवर विसंबून असत. ओर्ताने मात्र डोळ्यांनी पाहिलेले प्रमाण मानले. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा विद्वान पोथीचा दाखला देतो, आणि ओर्ता स्वानुभव सांगतो. पटकीचे वर्णन करताना त्याने आपला ‘मोडशी’ हा शब्दही नोंदला आहे. या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी येते. ती बोलते थोडे. पण चर्चेतील झाडपाला हाती आणून देणारी तीच!

ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली गेली. ग्रंथ मात्र वाचला. कारण क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्येच त्याचा लॅटिन सारांश छापला होता, व तो युरोपभर पसरला. पणजीतील एका उद्यानाला पुढे ओर्ताचे नाव मिळाले.

माणसे गेली, तरी लिहिलेले उरले. आपल्या आजी-आत्यांपाशीही कोणता पाला कशावर चालतो याचे पुष्कळ ज्ञान आहे. प्रत्येकीने ते वहीत उतरवावे, आणि ज्या बाईने सांगितले तिचे नावही शेजारी आवर्जून लिहावे.