सेकंडहँड गाडी घेतली, पण पंपावर पेट्रोलच आत जाईना? दोष पंपाचा की टाकीचा?

दहा-बारा वर्षं वापरलेली, पण दिसायला चांगली गाडी तुम्ही घेतलीत. इंजिनाचा आवाज ठीक, एसी गार, टायर बरे. पहिल्यांदाच टाकी फुल करायला पंपावर जाता, नोझल आत जातं आणि दोन सेकंदांत 'टक्' आवाज येऊन बंद पडतं. पंपावरचा मुलगा पुन्हा दाबतो, अर्धा लिटर जातं, परत 'टक्'. मागे रांग वाढते, हॉर्न वाजायला लागतात. मुलगा म्हणतो, "साहेब, तुमच्या गाडीतच प्रॉब्लेम आहे." तुम्हाला वाटतं, पंपच बिघडलाय.

बहुतेक वेळा बरोबर असतो तो पंपावरचा मुलगा. गाडीची टाकी रिकामी असते, पण तिला श्वास सोडता येत नसतो. म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊया. यात वेळ आणि पैसा वाचतोच, शिवाय गाडी विकणाऱ्याने काय लपवलं असेल याचाही अंदाज येतो.

नोझलला कसं कळतं की टाकी भरली?

अनेकांना वाटतं की नोझलमध्ये एखादा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. तसं काही नसतं. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. त्यातून एक छोटी नळी आत हँडलपर्यंत जाते. पेट्रोल वेगाने वाहू लागलं की नोझलच्या आत एका अरुंद जागी दाब कमी होतो आणि त्या भोकातून हवा आत ओढली जाते. द्रवाचा वेग वाढला की दाब घटतो, या गुणधर्माला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांचं नाव आहे.

टाकी भरत आली की पेट्रोल त्या भोकापर्यंत पोहोचतं. भोक बुजलं की हवा येणं थांबतं, आत निर्वात तयार होतो, एक पातळ पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. तोच तो 'टक्'.

म्हणजे नोझलला टाकीत किती पेट्रोल आहे हे कळत नाही. त्याला फक्त भोक बुजलं की नाही एवढंच कळतं. पेट्रोल खाली टाकीत न जाता नळीतच तुंबलं, तर टाकी रिकामी असूनही नोझल बंद होणारच.

टाकीला श्वास का लागतो?

रिकाम्या टाकीत खरं तर काहीच नसतं असं नाही. तिच्यात हवा आणि पेट्रोलची वाफ भरलेली असते. तीस लिटर पेट्रोल आत जायचं तर तीस लिटर हवा बाहेर यायला हवी. अरुंद तोंडाच्या बाटलीत नळाचं पाणी जोरात सोडून बघा. पाणी आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येतं, तसंच हे.

यासाठी पेट्रोल जाणाऱ्या जाड नळीशेजारी एक बारीक नळी असते. गॅरेजमध्ये तिला ब्रीदर पाइप म्हणतात. भरताना टाकीतली हवा तिच्यातून बाहेर येते.

याशिवाय पेट्रोल गाड्यांमध्ये कोळशाने भरलेला एक डबा असतो, त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. गाडी उन्हात उभी असताना तयार होणारी वाफ हा कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती वाफ इंजिनात ओढून जाळली जाते. डिझेलची वाफ फारशी होत नसल्यामुळे डिझेल गाड्यांना सहसा हा डबा नसतो, पण ब्रीदर पाइप त्यांनाही लागतोच.

जुन्या गाडीतच ही अडचण का येते?

याची नेहमीची कारणं अशी:

१. ब्रीदर पाइप दबलेला किंवा बुजलेला. रबर जुनं झालं की कडक होतं, आतून सुटतं किंवा वळणावर मोडतं. चिखल, धूळ, किड्यांची घरटी यांनीही पाइप बंद होतो.

२. मागून झालेला अपघात. पेट्रोलची नळी मागच्या चाकाच्या वरून जाते. त्या बाजूला ठोकर लागून पत्र्याचं काम झालं असेल, तर नळी चेपलेली किंवा पुन्हा बसवताना पिळलेली असू शकते. पत्रा रंगवून नवा दिसतो, आतली नळी मात्र तशीच राहते.

३. पुरात बुडालेली गाडी. २००५ साली मुंबईत किंवा २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत पुराच्या पाण्यात किती गाड्या गेल्या, हे आपण पाहिलं आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. सीट बदलता येतात, पण गाडीच्या पोटाखालच्या नळ्यांमध्ये बसलेला गाळ सहज निघत नाही.

४. कॅनिस्टर ओला झालेला. आधीच्या मालकाला 'टक्' झाल्यावरही गळ्यापर्यंत पेट्रोल भरायची सवय असेल, तर वाफेच्या वाटेने पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जातं. कोळसा भिजला की हवेची वाटच अडते.

५. आतली झडप अडकलेली. गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून टाकीवर एक झडप असते. ती बंद अवस्थेत अडकली की हवा कोंडते.

कोळी आणि माझ्दा

हे सगळं क्षुल्लक वाटत असेल तर एक खरा किस्सा. २०११ साली अमेरिकेत माझ्दा कंपनीला आपल्या 'माझ्दा ६' या मॉडेलच्या हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण होतं एक पिवळसर कोळी. हा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. वाट बंद झाल्यामुळे टाकीवर ताण येऊन तिला तडा जाण्याची आणि पेट्रोल गळून आग लागण्याची भीती होती. २०१४ साली याच कारणासाठी कंपनीने पुन्हा गाड्या बोलावल्या. एका जाळ्याने एवढं होत असेल, तर दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीचं काय होऊ शकतं, याचा विचार करा.

दोष कोणाचा, हे कसं ओळखाल?

- वेगवेगळ्या दोन-तीन पंपांवर भरून बघा. एकाच पंपावर 'टक्' होत असेल तर दोष नोझलचा. सगळीकडे होत असेल तर गाडीचा.
- हळू सोडल्यावर पेट्रोल नीट जातं आणि जोरात सोडल्यावर अडतं? मग वाट अर्धवट बंद आहे.
- झाकण उघडताना थोडा 'फुस्स' आवाज येणं साधारण आहे. पण प्रत्येक वेळी जोरात हवा आत ओढली जात असेल, तर टाकी कोंडली आहे.
- गाडी तासभर चालून बंद पडते आणि झाकण उघडून लावलं की पुन्हा चालू होते? काही जुन्या गाड्यांच्या झाकणातच हवेची वाट असते. कोणीतरी दुसरंच झाकण बसवलेलं असू शकतं.
- टाकी फुल केल्यावर लगेच गाडी चालू व्हायला त्रास होतो आणि पेट्रोलचा वास येतो? कॅनिस्टरवर संशय घ्या.
- डिझेल गाडी असेल तर आधी फेसाचा विचार करा. डिझेलला फेस येतो आणि तो भोकाला लागला तरी नोझल बंद होतं. ट्रकसाठीच्या जोरदार नोझलने भरताना हे जास्त होतं.

पंपावर काय कराल आणि काय टाळाल?

पंपावरच्या कर्मचाऱ्याला वेग कमी करायला सांगा. नोझल थोडं बाहेर ओढून किंवा जरा फिरवून धरलं तर बऱ्याचदा काम होतं. हा तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

नोझल जबरदस्तीने दाबून ठेवू नका. पेट्रोल उसळून अंगावर किंवा गरम सायलेन्सरवर पडू शकतं. नळीत तार घालून 'साफ' करायचा प्रयत्नही करू नका. आत असलेली सुरक्षेची झडप मोडते. आणि एकदा 'टक्' झालं की राउंड फिगरसाठी आणखी भरायला लावू नका. जोडीला सुट्टे पैसे ठेवा किंवा यूपीआय करा, टाकी वाचेल.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

"पेट्रोल जात नाही" एवढंच सांगितलं तर काही ठिकाणी थेट टाकी उतरवायला घेतात. त्याऐवजी क्रमाने तपासायला सांगा: आधी झाकण, मग ब्रीदर पाइप, मग जाड नळी, मग कॅनिस्टर आणि शेवटी टाकी व झडप. पाइप हवेने साफ करायचा असेल, तर तो टाकीपासून सोडवूनच करायला हवा. भरलेल्या टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारणं धोक्याचं आहे.

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या काळच्या काही रबरी भागांना ते मानवत नाही. म्हणून नळ्या बदलताना आताच्या पेट्रोलला चालतील अशाच घ्या.

पंपाने फसवलं असं वाटलं तर?

माहितीपुस्तकात टाकी ४५ लिटरची लिहिली आहे आणि गाडीत ४७ लिटर बसलं, एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. वाफेसाठी टाकीत वर मोकळी जागा ठेवलेली असते, नळीतही पेट्रोल राहतं. तरीही शंका असेल तर पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

गाडीत सीएनजी असेल तर

सीएनजी पंपावर गॅस न मिळण्याचं कारण वेगळं असू शकतं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते आणि त्याची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते. मुदत संपलेली असेल तर पंपवाले गॅस नाकारू शकतात, आणि ते योग्यच आहे. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात. हवाभरल्या टायरच्या दाबाच्या जवळपास शंभरपट! गाडी घेतानाच ही पट्टी बघा आणि आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, तेही तपासा.

टेस्ट ड्राइव्हचा शेवट पंपावर करा

सेकंडहँड गाडी बघताना आपण बॉनेट उघडतो, टायर बघतो, गल्लीत एक चक्कर मारतो आणि सौदा ठरवतो. पेट्रोल भरून कोणीच बघत नाही. पुढच्या वेळी टेस्ट ड्राइव्ह थेट पंपावर न्या आणि पाच-दहा लिटर पेट्रोल नेहमीच्या वेगाने भरायला सांगा. पैसे तुम्हीच द्या, तेवढा खर्च परवडतो.

नोझल वारंवार बंद पडलं तर विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: गाडी मागून कधी ठोकली होती का? आणि गाडी पाण्यात होती का? उत्तर देताना तो अडखळला, तर मेकॅनिकला गाडीच्या पोटाखाली बघायला सांगितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

तुमच्या ओळखीत कोणी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर त्यांना हा लेख नक्की पाठवा.