गोदाकाठची पांढर आणि संशोधनातील विद्याशाखांचे वैविध्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या गावगाड्यात 'काळी' म्हणजे कसण्याची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा, अशी विभागणी पूर्वापार रूढ आहे. चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती यांचे थर शतकानुशतके साचून वस्तीच्या जागेला राखाडी-पांढरट रंग येतो. वस्ती उठून गेली तरी तिचे टेकाड मागे उरते. या पांढरीचा अभ्यास कोणत्या विद्याशाखेने करावा? ती माती आहे म्हणून ती मृदाशास्त्राचा विषय ठरते. माणसांच्या वास्तव्यातून घडली म्हणून समाजशास्त्राचा. तीत जळके धान्य, हाडे आणि धातू दडलेले असतात म्हणून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र यांचाही तिच्यावर अधिकार पोहोचतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर 'बहुविद्याशाखीय' हा शब्द उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात सर्वतोमुखी झाला आहे. परंतु अनेक विषयांचे लेख एका अंकात बांधले, किंवा अनेक विभाग एका आवारात भरले, म्हणजे बहुविद्याशाखीय संशोधन घडले असे नव्हे. एका विषयाच्या अभ्यासकाला आपला प्रश्न आपल्याच साधनांनी सुटत नाही याची जाणीव होते, आपला पुरावा तो दुसऱ्या विषयाच्या हाती सोपवितो आणि तेथून येणारे उत्तर गैरसोयीचे असले तरी विचारात घेतो, तेव्हाच असे संशोधन घडते. नाशिक परिसर आणि त्यालगतचे गोदावरी-भीमा खोरे येथील संशोधनाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शिलालेख आणि नाणी

नाशिकच्या प्राचीन इतिहासाचे आधुनिक संशोधन पांडवलेण्यांतील शिलालेखांपासून सुरू झाले. व्यवसायाने वैद्य असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांचे वाचन केले आणि ते १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये समाविष्ट झाले. पुढे एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात या लेखांची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. हे कार्य प्रामुख्याने लिपिशास्त्र आणि भाषाशास्त्र यांचे होते. तथापि लेखांतील मजकूर भाषेच्या कक्षेत मावणारा नव्हता.

क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने वर्ष ४२ च्या लेखात तीन हजार कार्षापणांच्या अक्षयनिधीची नोंद केली आहे. ही रक्कम गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. त्यांपैकी दोन हजार कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज ठरले होते आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे होते. हिशेब करून पाहिल्यास वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून तेवढेच होतात. धार्मिक दानाचा वाटणारा हा लेख अशा रीतीने पतव्यवहार, कारागिरांच्या संघटना आणि व्याजदर यांचा आर्थिक दस्तऐवज ठरतो. त्याचा हा अर्थ अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न विचारल्याशिवाय उलगडत नाही.

लेण्यांतील शब्दांना धातूची साक्ष मिळाली ती १९०६ साली. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी सापडला. त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली आढळली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा उल्लेख येतो. राजमातेची ही प्रशस्ती अतिशयोक्त मानता आली असती. परंतु पराभूत राजाच्या मुद्रेवर विजेत्याचा ठसा हजारो नाण्यांवर दिसल्यानंतर ती शंका फारशी उरत नाही. शब्दांची सत्यता येथे शब्दांबाहेरील पुराव्याने तपासली गेली, हे संशोधनपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

१९५०-५१ चे उत्खनन आणि नवी दृष्टी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजची १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुनर्रचना झाली, तेव्हा डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. इरावती कर्वे हे दोघेही तेथे रुजू झाले. सांकलियांचे मूळ शिक्षण संस्कृत व इतिहास यांचे होते. लंडनमध्ये असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. इरावतीबाईंचे क्षेत्र मानवशास्त्र होते. गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात या दोघांनी एकत्र काम केले. प्राचीन अवजारे आणि मानवी सांगाडे यांचा विचार एकाच स्थळी, एकाच वेळी होऊ लागला.

नाशिकमध्ये गंगापूरजवळ गोदावरीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. गोदावरी खोऱ्यातील या हत्यारांवरील सांकलियांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. हत्यार कोणी केले यापेक्षा ते ज्या थरात आहे तो थर कसा साचला, हा प्रश्न येथे निर्णायक होता. आणि त्याचे उत्तर भूशास्त्राकडेच होते. पुढे डॉ. श. ना. राजगुरू यांनी दख्खनच्या नद्यांच्या अशा निक्षेपांचा दीर्घकाळ अभ्यास करून भू-पुरातत्त्व ही शाखा महाराष्ट्रात रुजविली.

१९५०-५१ साली सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी जुन्या नाशिकमधील मातीच्या गढीवर आणि प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. गढीच्या थरांत मध्ययुगापासून सातवाहनकाळापर्यंत आणि त्याखाली ताम्रपाषाणयुगापर्यंत वस्तीचा क्रम आढळला. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली मृद्भांडी मिळाली. त्या गावाच्या नावावरूनच 'जोर्वे संस्कृती' ही संज्ञा रूढ झाली. अश्मयुग आणि ऐतिहासिक काळ यांच्यामध्ये महाराष्ट्रात काय होते, या प्रश्नाला प्रथमच मूर्त उत्तर मिळाले.

मात्र या संस्कृतीचा काळ ठरविण्यास खापरांची तुलना पुरेशी नव्हती. विलर्ड लिबी यांनी १९४९ साली मांडलेली रेडिओकार्बन पद्धती येथे उपयोगी पडली. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा कार्यरत होती. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. जळक्या लाकडातील कार्बनच्या क्षयावरून दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात निश्चित झाला. इतिहासाचा कालपट येथे भौतिकशास्त्राने आखून दिला.

इनामगाव : एका गावाचे अनेक अभ्यासक

या सहकार्याचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण म्हणजे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव होय. डॉ. म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन झाले. शंभरावर घरांचे अवशेष उघडकीस आले. उत्खनित माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे वेगळे केले गेले, त्यांवरून डॉ. मु. दि. काजळे यांनी जव, गहू, मसूर आदी पिके ओळखली. प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास डॉ. पी. के. थॉमस यांनी, तर मानवी सांगाड्यांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्यूकाक्स यांनी केला. दातांवरून आहार व आजार यांचे अनुमान बांधण्यात आले.

घराच्या जमिनीखाली मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून पुरले जाई. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. पाय तोडलेले आहेत, हे अस्थिशास्त्र सांगू शकते. ते का तोडले असावेत, हा प्रश्न मात्र अस्थिशास्त्राचा नाही. मृताने घर सोडून जाऊ नये ही श्रद्धा त्यामागे असावी, असे स्पष्टीकरण पारंपरिक समाजांच्या चालीरीतींच्या आधारे मांडले गेले. निसर्गविज्ञानाने वस्तुस्थिती निश्चित करावी आणि सामाजिक शास्त्राने तिचा अर्थ लावावा, असा हा श्रमविभाग होता. त्यांतील पहिल्याची खात्री आणि दुसऱ्याची शक्यता यांतील अंतर अभ्यासकाने विसरता कामा नये.

पुराव्यांतील मतभेद

विद्याशाखा एकत्र आल्या की त्यांची उत्तरे जुळतातच असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ अशा चार भरीव धातुमूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. त्यांची शैली आणि स्थळाचा इतिहास यांवरून त्या उत्तर-हडप्पाकालीन मानल्या गेल्या. उलट डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या विश्लेषणात आढळलेल्या अर्सेनिकच्या प्रमाणाकडे लक्ष वेधून या कालनिश्चितीविषयी शंका घेतली. मूर्ती शास्त्रीय उत्खननात न मिळता योगायोगाने हाती आल्यामुळे त्यांचा मूळ थर कायमचा हरपला, आणि वाद मिटविणारा साक्षीदारच नाहीसा झाला.

इनामगावच्या ऱ्हासाविषयीही असेच घडले. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शेतीऐवजी पशुपालन व शिकार यांवरील अवलंबन वाढलेले दिसते. ढवळीकरांनी याचे कारण पर्जन्यमानातील घटीत शोधले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ सालच्या ग्रंथात नेवासा, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून या हवामानबदलाच्या विवेचनाची फेरतपासणी केली. उत्खननात जपून ठेवलेल्या अस्थी तीन दशकांनंतर नव्या प्रश्नाला सामोऱ्या जाऊ शकल्या, हे त्या उत्खननाचेच यश होय. पुरावा नीट जतन केला, तर मागील पिढीच्या निष्कर्षांना पुढील पिढी न्याय देऊ शकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, संशोधनातील वैविध्य विषयांच्या संख्येवरून ठरत नाही. समान प्रश्नातून ते निर्माण होते. दोन, प्रत्येक विद्याशाखेच्या साक्षीची मर्यादा वेगळी असते आणि ती मान्य केल्यावरच सहकार्य फलदायी होते. तीन, असे सहकार्य शक्य होण्यासाठी मूळ पुरावा जागेवर आणि सुस्थितीत असावा लागतो.

तिसरी बाब आज अधिक निकडीची आहे. पांढरीची माती धाब्याच्या छपरांसाठी आणि शेतात खत म्हणून गाड्या भरभरून नेली गेली. यांत्रिक नांगरटीने आणि वाढत्या वस्तीने अनेक टेकाडे सपाट झाली. शासनाच्या परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही आणि करूही नये. परंतु तालुक्यातील पांढरींची नोंद, त्यांचे नकाशे, मातीचा रंग व पोत, पृष्ठभागावरील खापरांची छायाचित्रे आणि गावकऱ्यांच्या आठवणी यांचे संकलन हे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांतील विद्यार्थी एकाच टेकाडावर एकत्र यावे लागतील. नाशिकच्या गढीत सातवाहनांच्या खाली आणखी एक जग दडले आहे, हे १९५०-५१ पूर्वी कोणास ठाऊक नव्हते. तसे अन्य एखादे जग शेजारच्या गावच्या पांढरीत शिल्लक असेल, तर त्याची नोंद नांगर फिरण्यापूर्वी होणे आवश्यक आहे.