सावलीतले मंत्री

तुमच्यापैकी जे ब्रिटनमध्ये राहतात त्यांनी बातम्यांत ‘शॅडो चॅन्सलर’, ‘शॅडो होम सेक्रेटरी’ हे शब्द हजारदा ऐकले असतील. मराठीत याला कुणी छाया मंत्री म्हणतं, कुणी प्रतिरूप मंत्री. (साताऱ्याच्या प्रतिसरकाराशी मात्र याची गल्लत करू नका. ते राज्य उलथवणारं होतं, हे राज्यव्यवस्थेच्या आतलं आहे.) सरकारातल्या प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी पक्षाने त्याच खात्यासाठी नेमलेला एक माणूस असतो. त्याच्या हाती ना फाईल, ना सचिव, ना सही. मग तो नेमकं काय करतो?

त्याआधी ‘राजनिष्ठ विरोधक’ ही कल्पना रुजावी लागली. राजाच्या मंत्र्यांना विरोध म्हणजे राजालाच विरोध, असा समज इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या होता. १८२६ साली कॉमन्समध्ये जॉन कॅम हॉबहाऊस या खासदाराने गमतीने ‘हिज मॅजेस्टीज ऑपोझिशन’ असा शब्दप्रयोग केला. मंत्री जसे राजाचे, तसे विरोधकही राजाचेच! सभागृह हसलं, पण शब्द टिकला. पुढे १९३७च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वर्षाला २,००० पौंड पगार सुरू झाला, आणि त्याच कायद्यात पंतप्रधानाचा पगार १०,००० पौंड ठरला. सरकारला धारेवर धरणाऱ्याला सरकारनेच पगार द्यायचा, ही गोष्ट आजही अनेकांना चमत्कारिक वाटते. मला ती त्या देशाच्या राजकारणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

छाया मंत्रिमंडळ मात्र कुठल्या कायद्याने जन्माला आलं नाही. सत्ता गेलेले माजी मंत्री एकत्र बसून डावपेच ठरवत, त्यातून ते हळूहळू घडलं. ठरावीक माणसाला ठरावीक खातं देण्याची पद्धत पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. या मंत्र्यांना खासदारकीच्या पगाराव्यतिरिक्त काही मिळत नाही. अपवाद विरोधी पक्षनेता आणि काही प्रतोद यांचा. १९७५पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधी मिळतो, त्यातून संशोधक नेमता येतात. वर्षातले वीस दिवस कॉमन्समध्ये चर्चेचा विषय विरोधक ठरवतात.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर एका दिवसात पाहायचं असेल तर १९९६ सालचा फेब्रुवारी आठवा. इराकला शस्त्रनिर्मितीची यंत्रसामग्री विकण्याच्या प्रकरणात सरकारने संसदेला अंधारात ठेवलं का, याची चौकशी न्यायमूर्ती स्कॉट यांनी केली होती. अहवाल पाच खंडांचा, सुमारे दोन हजार पानांचा. मंत्र्यांना तो आठवडाभर आधीच मिळाला. विरोधकांतर्फे बोलणार होते छाया परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक. त्यांना तो वाचायला मिळाला जेमतेम दोन तास, तोही सरकारी देखरेखीखाली. दोन तासांत दोन हजार पानं कोण वाचणार? पण कुक हे प्रकरण आधीपासून लावून धरून होते. कुठली तारीख आणि कुठला प्रश्न कळीचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्या भांडवलावर ते उभे राहिले आणि त्यांनी मंत्र्यांची बाजू मुद्द्यामुद्द्याने उसवली. २६ फेब्रुवारीच्या मतदानात सरकार अवघ्या एका मताने वाचलं, ३२० विरुद्ध ३१९. आवाज चढवून हे जमत नाही. त्यासाठी एकाच खात्याच्या मागे चिकाटीने बसावं लागतं.

दुसरी बाजू शिस्तीची. सत्ता नसली तरी छाया मंत्री पक्षाच्या नावाने बोलतो, म्हणून त्याच्या शब्दाची जबाबदारी नेत्यावर येते. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं, तेव्हा ते छाया संरक्षणमंत्री होते. एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. पॉवेल यांच्या बाजूने लंडनच्या गोदी कामगारांनी मोर्चा काढला, म्हणजे लोकमताचा एक मोठा प्रवाह हीथ यांच्या विरोधात होता. त्या काळात ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना त्या हकालपट्टीचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तालीम. १९६४पासून निवडणुकीआधी विरोधकांना वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांशी बोलू देण्याची प्रथा आहे. १९९७ साली टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले तेव्हा त्यांना साध्या उपमंत्रिपदाचाही अनुभव नव्हता. तरी निवडणुकीनंतर पाचव्या दिवशी गॉर्डन ब्राऊन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. ब्राऊन १९९२पासून छाया अर्थमंत्री होते. हा निर्णय पाच दिवसांत सुचलेला नव्हता.

आपल्याकडे काय झालं? १९७७ साली संसदेने विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा केला, तेव्हा लोकसभेत त्या जागेवर बसले होते यशवंतराव चव्हाण. जुलै १९७९मध्ये मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव आणला तो त्यांनीच. देसाई पायउतार झाल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार बनवता येईल का, हे पहिल्यांदा यशवंतरावांना विचारलं. बहुमत जुळलं नाही हा भाग वेगळा. पण विरोधी पक्षनेता म्हणजे पर्यायी पंतप्रधान, हे ब्रिटिश सूत्र त्या दिवशी दिल्लीत अक्षरशः पाळलं गेलं.

छाया मंत्रिमंडळाचं रोप मात्र इथे लागलं नाही. २००५ साली विलासराव देशमुख सरकारवर लक्ष ठेवायला शिवसेना-भाजपने ते केलं. गोव्यात २०१५ साली एका स्वयंसेवी संस्थेने प्रयोग केला. ९ मार्च २०२० रोजी मनसेने ‘शॅडो कॅबिनेट’ जाहीर केलं, तेव्हा विधानसभेत त्यांचा एकच आमदार होता. घोषणेच्या दिवशी मथळे झाले, नंतर फारसं काही ऐकू आलं नाही. माझ्या मते कारण साधं आहे. खातं वाटून दिलं की एखाद्याचं नाव त्या विषयात मोठं होतं, आणि आपल्या पक्षश्रेष्ठींना ते परवडत नाही. शिवाय सभागृहात वेळ आणि संशोधनाला पैसा नसेल तर छाया मंत्र्याच्या हाती पत्रकार परिषदेखेरीज उरतं काय?

आता तर मुळावरच प्रश्न आहे. एकूण जागांच्या दहा टक्के जागा असलेल्या पक्षालाच विरोधी पक्षनेतेपद, हा आपल्याकडचा संकेत. तो पुढे करून २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं लोकसभेत ती खुर्ची रिकामी राहिली. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला मिळाल्या वीस. दहा टक्क्यांसाठी एकोणतीस लागतात.